तितिक्षा आणि तापलेले छत

शीत आणि उष्ण ही द्वंद्वे विषयांशी होणाऱ्या इंद्रियांच्या स्पर्शातून उपजतात, ती येतात आणि जातात, म्हणून ती सोसावीत, असा उपदेश गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला केलेला आहे, आणि या सोसण्याला भारतीय दर्शनपरंपरेत तितिक्षा म्हणतात. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी' या ग्रंथात तिचे लक्षण आणखी कठोर होते: दुःखावर कोणताही प्रतिकार न योजता, चिंता आणि विलाप न करता ते सहन करणे, एवढे तिथे अपेक्षित आहे. हे लक्षण अक्षरशः घेतले, तर नागपूर, चंद्रपूर किंवा अकोला येथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचत असताना जुन्या घराच्या छतावर उष्णतारोधक थर घालू पाहणाऱ्या गृहस्थाची कृती धर्मदृष्ट्या कोणत्या प्रकारची ठरते, हा प्रश्न टाळता येत नाही. तो केवळ पंडितांपुरता प्रश्नही नाही, कारण आजोबांनी पंख्याशिवाय उन्हाळे काढले, मग आताच्यांना एवढे काय झाले, हा घरोघरी ऐकू येणारा आक्षेप त्याचेच लौकिक रूप आहे. खर्च नाकारण्यासाठी त्यात सहनशीलतेचा आधार घेतलेला असतो, आणि तो आधार खरा आहे की नाही, हे क्वचितच तपासले जाते.

तपासायचे झाल्यास आरंभ आजोबांच्या घरापासून करावा लागतो. खानदेशात आणि विदर्भात ज्याला धाबे म्हणतात आणि मराठवाड्यात माळवद, ते सपाट छत लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या पसरून आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून केलेले असे. भिंतीही दीड-दोन फूट रुंद, दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असत. एवढ्या जाडीतून दुपारची उष्णता आत झिरपायला कित्येक तास लागतात, आणि ती आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत बाहेरची रात्र थंड होऊ लागलेली असते. पूर्व विदर्भातील कवेलूंच्या उतरत्या छपरांत कवेलूंमधल्या फटींतून हवा खेळत राही आणि तापलेली हवा वरून निघून जाई. त्या पिढीच्या सोसण्यात घराचा वाटा मोठा होता. नातवंडांना तेच सोसणे उघड्या काँक्रीटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली करायला सांगणे म्हणजे वारशातले घर काढून घेऊन केवळ उपदेश तेवढा हाती ठेवणे होय.

हा बदल आळसातून किंवा केवळ हौसेतून झालेला नाही, हेही न्यायाने नोंदवायला हवे. माळवदाला दर पावसाळ्याआधी माती घालावी लागते, वाळवी तुळया पोखरते, साप-विंचवांचे भय असते. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच याच जड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्यात कित्येकांनी डोक्यावर माती नको म्हणून पत्रा स्वीकारला, तेव्हा त्यांनी मृत्यूच्या भयाच्या बदल्यात उन्हाळ्याचा ताप पत्करला. त्या निवडीला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र तिच्यातून एक बंधन निघते: जुन्या घराची उष्णता कमी करताना छतावर पुन्हा निष्काळजीपणे भार चढवणे, मग तो मातीचा असो वा विटांच्या तुकड्यांच्या जाड ब्रिकबॅट कोब्याचा, म्हणजे एक दुःख टाळताना दुसरे ओढवून घेणे ठरू शकते, आणि म्हणून जुन्या बांधकामाची ताकद जाणकाराकडून पाहून घेतल्याशिवाय त्यावर काहीही रचू नये.

हलका उपाय शक्य आहे, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. उष्णता घन पदार्थातून वाहते, हवेच्या हालचालीबरोबर सरकते आणि किरणांच्या रूपाने थेट पोहोचते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने हा मारा भिंतींपेक्षा छतावर अधिक होतो, भिंतींपैकी तो दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला सर्वाधिक जाणवतो. उघडा स्लॅब दिवसभर ही उष्णता साठवतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली झोपलेल्यांवर सोडत राहतो. पत्रा काही साठवत नाही, पण ऊन चढताच तो तापतो आणि त्याच क्षणी खाली किरणे टाकू लागतो. चुन्याची पांढरी सफेदी सूर्यकिरणांचा मोठा भाग छतावरूनच परत पाठवते, तर उष्णतारोधक थर, म्हणजे ज्याच्या पोकळ्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेचा प्रवाह रोखते असा थर, उरलेली उष्णता आत येऊ देत नाही. लोक ज्याला थर्माकोल म्हणतात त्या जातीच्या फेसाळ प्लास्टिकची उष्णतावाहकता काँक्रीटच्या तुलनेत सुमारे चाळीसपट कमी असते. म्हणजे ५ सेंटीमीटरचा थर या एका बाबतीत सुमारे २ मीटर काँक्रीटच्या तोडीचा. तो स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगसह घातला तर खुद्द स्लॅब थंड राहतो. खोलीच्या आतून लावल्यास स्लॅब तापतच राहतो, शिवाय हे पदार्थ पेट घेणारे असल्याने आत ते उघडे ठेवणे धोक्याचे असते. आणि रोधक थर दोन्ही बाजूंनी रोधक असतो, हे विसरता कामा नये: माणसांची आणि चुलीची उष्णता रात्री बाहेर जायला समोरासमोरच्या खिडक्या किंवा झरोके नसतील, तर तीच आत कोंडते.

आता मूळ प्रश्नाकडे परतता येते. वेदान्तात तितिक्षा ही शम, दम, उपरती, श्रद्धा आणि समाधान यांच्याबरोबर सांगितलेली आहे, आणि हे सहा गुण मिळून मुमुक्षूच्या, म्हणजे मोक्षाची इच्छा धरणाऱ्या साधकाच्या तयारीचा भाग होतात. तिला अधिकारी, म्हणजे पात्र साधक, लागतो, आणि तो अधिकारी स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्याच देहावर ती आचरतो. चहूबाजूंना चार अग्नी पेटवून आणि माथ्यावर पाचवा सूर्य घेऊन बसणारा पंचाग्निसाधक हवे तेव्हा उठून जाऊ शकतो. पत्र्याच्या खोलीत तान्ह्या मुलाला घेऊन बसलेली बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, दुपारी भाकऱ्या भाजणारी बाई यांना तो मार्ग नाही. घाम येऊन देह थंड होण्याची क्षमता म्हातारपणी मंदावते, आणि रात्रीही खोली निवली नाही तर दिवसाचा थकवा उतरत नाही. अशा देहांना तपाची भाषा लावणे हा शास्त्राचा विपर्यास आहे. स्वतःच्या दुःखाबाबत जी तितिक्षा असते, तीच दुसऱ्याच्या दुःखाबाबत बाळगली तर ती उदासीनता होते, आणि परदुःखाबाबत परंपरेने सांगितलेला गुण दया हा आहे.

गृहस्थाश्रमाची कल्पनाही हेच सांगते. मनुस्मृतीत इतर आश्रम गृहस्थाच्या आधारावर जगतात असे म्हटले आहे, आणि अतिथी तसेच भूतमात्र यांचा वाटा देणे हे त्याच्या रोजच्या पाच यज्ञांत मोडते. विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा आणि उन्हाळ्यातल्या पाणपोया यांना धर्मशास्त्राने 'पूर्त' या नावाने पुण्यकर्मांत स्थान दिले. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात तर माणसांना आणि पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे स्पष्ट नोंदले आहे. वाटसरूला सावली देणे पुण्य मानले गेले, मात्र घरातल्या माणसाला सावली देण्याची वेगळी आज्ञा कोणाला सुचली नाही, कारण घर हेच सावली आहे असे गृहीत होते. ते गृहीतक स्लॅबने आणि पत्र्याने मोडले आहे. धर्मविचाराने त्याची दखल अजून घेतलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

उपाय योजावा हे ठरल्यावर कोणता योजावा, यालाही नैतिक बाजू आहे. वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही; ते ती उचलून, स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता तिच्यात मिळवून, बाहेर गल्लीत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीशी टाकते. ती वीज महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर कोळशापासून होते, आणि २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र ज्या चंद्रपुरात उभे आहे, ते शहर स्वतः देशातील अतिशय तप्त शहरांपैकी एक आहे. तिथली राख आणि धूर तिथेच राहतात, वीज मात्र राज्यभर जाते. रोगी, वृद्ध आणि तान्ही मुले यांच्यासाठी यंत्र आवश्यक असेल तेव्हा ते अवश्य वापरावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. पण आधी छत रोधक करून मग यंत्र लावणारा गृहस्थ आपल्या सुखासाठी दुसऱ्यावर ढकललेला ताप बराच कमी करतो, आणि अहिंसेचा अर्थ थेट इजेपलीकडे नेणाऱ्यांनी हा फरक महत्त्वाचा मानला पाहिजे.

साधेपणा आणि गारवा यांत विरोध असतो, ही समजूत सेवाग्रामच्या बापूकुटीत टिकत नाही. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मुळात स्वतःसाठी उभारलेली आणि पुढे गांधीजींच्या निवासाची झालेली ही कुटी मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या छपराची आहे, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात तिच्या ओसरीची सावली व मातीचा गारवा कोणत्याही यंत्राविना मिळतो. इव्हान इलिच या विचारवंताने १९७८ मध्ये सेवाग्रामला दिलेल्या भाषणात याच कुटीवर चिंतन केले होते. तितिक्षेचा गांधीजींइतका पुरस्कर्ता कोणी नसेल, तरी त्या आश्रमाने अतिथीला पत्र्याखाली बसवले नाही.

कायद्याकडे वळले तर, केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'ने छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर घातलेली मर्यादा अशी आहे की उघड्या स्लॅबमधून तिच्या दुपटीहून अधिक उष्णता येते. पण ती संहिता नव्या निवासी इमारतींसाठी आहे, आणि ज्या घरांत आज माणसे राहतात त्यांच्याबाबत ती काही सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ घरमालकावर जागा चांगल्या दुरुस्तीत ठेवण्याचे कर्तव्य टाकतो. व्यवहारात गळणारे छत त्यात मोडते, तापणारे मोडत नाही. खर्च मालकाचा आणि गारवा भाडेकरूचा, अशी विभागणी असल्याने काम अडते, आणि इथेच पूर्तधर्माला खरा वाव आहे. ज्या देवस्थानांच्या आणि संस्थांच्या ताब्यात भाड्याच्या चाळी, धर्मशाळा आणि शाळांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांनी पाणपोईच्या खर्चाइतक्याच सहजपणे दर फाल्गुनात छताला चुन्याचे दोन हात देण्याची तरतूद करावी, कारण पावसाळा सफेदी धुऊन नेतो आणि ती पुन्हा करावीच लागते. रोधक थराचे मोठे काम त्यानंतर, छताची ताकद पाहून, एकेका इमारतीने घेता येईल.