बागेतले माकड आणि आपली अहिंसा

आपल्यापैकी जे साधक चंदीगढमध्ये राहतात, विशेषतः सुखना तलावाच्या बाजूच्या सेक्टरांत किंवा पंजाब विद्यापीठ आणि पीजीआयच्या परिसरात, त्यांना हा प्रश्न नवा नाही. थंडीचे दिवस आहेत. परसात मेथी, मुळा, मटार लावलेला आहे. कोपऱ्यातल्या पेरूला पहिली फळे धरली आहेत. सकाळी ध्यान आटोपून तुम्ही दार उघडता, तर बारा-पंधरा माकडांची टोळी आधीच येऊन बसलेली असते. मटाराच्या वेली ओरबाडलेल्या, पेरू अर्धवट चावून टाकलेले, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण खाली पडलेले. तुम्ही हाकलायला जाता तेव्हा एक मोठा नर दात विचकून पुढे येतो, आणि त्याच्या मागे एक मादी पोटाशी पिल्लू धरून बसलेली असते. हातात काठी आहे, मनात व्रत आहे. काय करायचे?

मराठी वाचकासाठी एक खुलासा. आपल्याकडे वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, आणि माकड म्हणजे लाल तोंडाचे. चंदीगढच्या बागांत येते ते लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे उत्तरेकडचे माकड. ते इथे बाहेरून आलेले नाही. शहराच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात, आणि माकडांचा तिथला वावर शहरापेक्षा फार जुना आहे. चंदीगढ उभे राहिले ते १९५०च्या दशकात, अनेक गावांच्या जमिनी घेऊन. सुखना तलाव १९५८ साली एक ओढा अडवून तयार झाला. त्या तलावाच्या वरच्या अंगाचे सुमारे २६ चौरस किलोमीटर जंगल १९९८ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. म्हणजे एका बाजूला राखलेले जंगल, दुसऱ्या बाजूला रस्तोरस्ती आंबा आणि जांभूळ लावलेले, घरोघरी बागा असलेले शहर, आणि दोघांच्या मध्ये भिंत नाही. माकडाच्या जागी आपण असतो तर आपणही आलो असतो.

यावरून काही जण लगेच म्हणतात, "मग घुसखोर आपणच. माकडांना त्यांचे खाऊ द्या." हे बोलणे ऐकायला नम्र वाटते. पण जो हे बोलतो त्याची भाजी बहुधा बाजारातून आलेली असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला विचारा. माकडे आणि वानर यांच्या त्रासाने तिथल्या कित्येकांनी भाजीपाला आणि नाचणी करणेच सोडून दिले आहे. त्याला "तूच घुसखोर" असे सांगण्याचा अधिकार मला तरी माझ्याकडे दिसत नाही. शिवाय अपराधी वाटून घेणे ही साधना नव्हे. त्याने आपले मन हलके होते, माकडाच्या किंवा शेजाऱ्याच्या आयुष्यात काही बदलत नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. ती टोळी तुमच्याच गल्लीत का येते?

जंगल जवळ आहे हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे मंगळवारी आणि शनिवारी दिसते. चंदीगढहून कालका-शिमल्याच्या रस्त्याला लागा. गाड्या थांबतात, काचा खाली होतात, केळी आणि ब्रेडचे तुकडे बाहेर पडतात. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरा भाव असतो, त्याबद्दल शंका नको. मारुतीरायाच्या रूपाला आपण चार घास दिले, या समाधानात तो पुढे जातो. शहरातही हेच घडते, फक्त गाडीच्या जागी फाटक असते. आणि जिथे कोणी हाताने घास देत नाही, तिथे उघड्या कचरापेट्या ते काम करतात.

मागे काय राहते? जंगलात पाने, फळे, कोंब, किडे शोधत दिवसाचा बराच भाग घालवणाऱ्या प्राण्याला एका केळ्यात तासाभराच्या श्रमाचे अन्न मिळते. तो रस्ता सोडत नाही. रस्त्यावर गाडीखाली पिल्ले चिरडतात. भरपूर अन्न मिळाल्याने माद्यांची वीण वाढते, टोळ्या मोठ्या होतात. माणसाच्या हातात खाऊ असतो हे एकदा कळले की माकड हाताकडेच बघते. मग ज्या हातात खाऊ नसून शाळेचा डबा आहे किंवा औषधाची पिशवी आहे, त्या हातालाही ते झोंबते. चावा घेतला गेला तर रेबीजची लस घेण्यासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या मारतो तो ज्याने केळे दिले तो नव्हे. घरकाम करून परतणारी एखादी बाई असते, किंवा माळी, किंवा पाचवीतले पोर.

ज्या दयेची किंमत दुसराच कोणी मोजतो, तिला दया म्हणावे का? मला वाटते, या विषयातला खरा नैतिक प्रश्न हा आहे. काठी उगारावी की नाही हा त्याच्यापुढे लहान प्रश्न आहे. आपण अहिंसा मोजतो ती समोरासमोरच्या क्षणात: मी मारले नाही, मी उलट खाऊ घातले. पण कृतीचे फळ त्या क्षणापाशी थांबत नाही. आज घातलेल्या घासातून सहा महिन्यांनी जो पिंजरा लागतो, जी काठी कोणाच्या तरी हातात येते, त्यात आपला वाटा नसतो का?

ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचा फार विस्ताराने विचार केला आहे. आपल्याला त्यातला तो भाग आठवतो, जिथे सज्जन माणूस पाऊल टाकतानाही जिवाला जपतो. पण त्याच्या आधी माउली बरीच कठोर होतात. झाडाच्याच फांद्या तोडायच्या आणि त्यांचे कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याभोवती घालायचे, अशा रक्षणाचे उदाहरण देऊन ती अहिंसा कसली, असे त्या विचारतात. मला आपल्या मंगळवारच्या केळ्याकडे बघताना हे कुंपण दिसते.

महात्मा गांधींपुढे हाच प्रश्न अगदी याच स्वरूपात आला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या एका वासराला त्यांनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन मरण दिले. देशभर गदारोळ झाला, रागाची पत्रे आली. त्यांनी उत्तरादाखल जो लेख लिहिला, त्यात वासराच्या जोडीला आश्रमातल्या माकडांचाही विषय घेतला. माकडे आश्रमातली झाडे आणि भाजीपाला फस्त करत होती. गांधीजींनी दोन्हींत स्पष्ट फरक केला. वासराला मरण दिले ते त्याच्याच भल्यासाठी, म्हणून त्यात त्यांना हिंसा दिसली नाही. माकडांना इजा केली तर ती आपल्या पिकासाठी, आपल्या सोयीसाठी, म्हणून ती हिंसाच. तिला दुसरे गोंडस नाव देण्याची त्यांची तयारी नव्हती. आणि तरीही शेती करायची तर उपाय हवा, हेही त्यांनी लपवले नाही. तो उपाय काय, हे त्यांनी वाचकांनाच विचारले.

या लेखात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा अपुरेपणा. जिथे उत्तर नाही तिथे ते उत्तर असल्याचा आव आणत नाहीत. आपण मात्र दोन्हींकडून आव आणतो. एक जण म्हणतो, माकडे देव आहेत, हात लावू नका. दुसरा म्हणतो, उपद्रवी जनावर आहे, संपवा. दोघांनाही बागेत उभे राहून विचार करावा लागत नाही.

तुलनेसाठी महाराष्ट्रातली एक गोष्ट घेऊ, कारण तिथे प्राणी खरोखरच परका आहे. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून आणलेल्या मोठ्या आफ्रिकी गोगलगायी कलकत्त्यातल्या एका बागेत सोडल्या. सोडल्या त्या दोनच. एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालणारा हा जीव पुढे देशभर पसरला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात कुरतडली, आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण इतकी खरी व्हावी असे कोणाला वाटले नसेल. शेतकऱ्यांनी काय केले? संध्याकाळी आणि पहाटे शेतात जाऊन हाताने वेचल्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून मारल्या.

इथे साधक अडखळतो, आणि अडखळावेच. मी माझे मत सांगतो. ज्याचे वर्षाचे पोट त्या रोपांवर आहे, त्याने त्या माराव्यात, यात मला अधर्म दिसत नाही. पण गांधीजींची अट तिथेही लागू आहे: तिला हिंसाच म्हणावे. ज्या हिंसेला आपण हिंसा म्हणतो, ती गरजेइतकीच करण्याकडे मन वळते. 'कीड साफ केली' असे म्हटले की हात सैल सुटतो, मग विषारी आमिष कुठेही फेकले जाते आणि ते खाऊन गावातली कुत्री मरतात. दोन गोगलगायी सोडणारा माणूस दुष्ट नव्हता, केळे देणारा भाविकही नाही. दोघांनी आपल्या हातून सुटलेल्या गोष्टीच्या मागे जाऊन पाहिले नाही, एवढेच.

माकडाच्या बाबतीत मात्र मारण्याची गरज सिद्ध होत नाही, कारण बाकीचे उपाय आपण मनापासून केलेलेच नसतात. चंदीगढच्या शेजारी हिमाचल प्रदेशात २००७ पासून माकडांच्या नसबंदीचे काम चालू आहे. दीड लाखांहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया झाली. त्याच राज्यात २०१६ मध्ये शिमला शहरापुरते माकड 'उपद्रवी' जाहीर करून मारण्याची मुभाही दिली गेली, पण मारायला लोक फारसे पुढे आले नाहीत. यात मला आपल्या समाजाचे काही चांगले दिसते. दिल्लीत लंगूर साखळीने बांधून माकडांना घाबरवण्याची पद्धत होती. लंगूर संरक्षित प्राणी असल्याने ती बंद करावी लागली. एका प्राण्याला कैदेत ठेवून दुसऱ्याला पळवणे, आणि आपण दोघांपासून अलिप्त, ही सोय आपल्याला किती सहज पटली होती पाहा.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने हे लाल तोंडाचे माकड संरक्षित प्राण्यांच्या यादीतून बाहेर गेले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा अर्थातच लागू आहे. तरीही कायद्याने एक दार उघडले, म्हणजे आपली जबाबदारी वाढली.

मग बागेत करायचे काय? उपाय साधे आहेत आणि कंटाळवाणे आहेत, म्हणूनच ते टिकत नाहीत. फळ पिकायच्या आधी उतरवा. झाडावर पिकलेला पेरू म्हणजे आमंत्रण. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, तेही गल्लीतल्या सर्व घरांना, कारण एक उघडा डबा दहा झाकलेल्यांवर पाणी फिरवतो. टाकीच्या झाकणाला कडी. भाजीच्या वाफ्यावर ताणलेली मजबूत जाळी. टोळी आली तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्या भाषेत नजर रोखण्याचा अर्थ आव्हान असा होतो. पिल्लू असलेल्या मादीच्या वाटेत उभे राहू नका. चावले किंवा ओरखडले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि खाऊ घालणे थांबवा. हे सर्वांत कठीण, कारण इथे आपल्याला काठी नव्हे, भक्ती खाली ठेवायची आहे असे वाटते. तसे नाही. मारुतीला केळ्यांचा नैवेद्य मंदिरात दाखवा आणि प्रसाद माणसांत वाटा. मंगळवारचा उपवास करा. पण शेजारच्या आजोबांना हे सांगायचे कसे? चाळीस वर्षे ते फाटकाशी हरभरे टाकत आले आहेत. त्यांना नियम सांगू नका. एक दिवस त्यांच्यासोबत उभे राहा, आणि हरभरे संपल्यावर टोळी पुढे कुठे जाते ते दोघे मिळून बघा.

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तब्बल ३२ एकर जमीन वानरांच्या नावावर नोंदलेली आहे, ही बातमी २०२२ मध्ये सगळीकडे आली होती. कोणी, कधी केले हे कागदावर नाही. कोण्या पूर्वजांनी घास दिला नाही, जागा दिली. शिवालिकच्या पायथ्याशी जागा अजून थोडीफार आहे. तिथली फळझाडे, पाणवठे टिकले तर माकडाला सेक्टरात यायचे कारण कमी होते. या कामासाठी वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोपुरते न जाता, पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालायला जाणारे हात लागतात.

एवढे सगळे करूनही एखादा एकटा नर येतच राहील. तो मुलांवर धावून जाईल, आणि तुम्हाला प्रशासनाला कळवून पिंजरा मागवावा लागेल. मागवा. पिंजरा आला की बरोबर आलेल्या माणसाला चहा द्या आणि विचारा, याला सोडणार कुठे? तिथे कोणते गाव आहे? त्या गावात मटार लावतात का?