पंचगंगेकाठचे पोलिश गाव



कोल्हापूरहून रेल्वेने मिरजेकडे निघाले की थोड्याच वेळात वळिवडे लागते. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या या गावाजवळ १९४३ ते १९४८ पर्यंत एक अख्खे पोलिश गाव नांदत होते. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले.

१९४० साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात धाडले. थंडीने, उपासमारीने कितीतरी दगावले. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली. मग इराण, आणि तिथून काहीजण कोल्हापूर संस्थानात आले. बराकींच्या त्या वसाहतीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. रविवारी पोलिश भाषेत मिस्सा होई. बाजारात मराठी चार शब्द शिकावेच लागले असणार!

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या बंदिवानांना धाडलेले पत्र आपण जाणतो: घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वळिवड्यात तेच घडले. मात्र यजमान नसता तर यिर्मयाचा उपदेश पाळायचा कुठे, हा प्रश्न आम्हाला सुचतो. पाहुण्याची श्रद्धा आणि यजमानाचे अंगण, दोन्ही लागतात.

१९४८ नंतर पोलिश लोक पांगले. कोणी इंग्लंडला गेले, कोणी आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात. त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी बांधव वसले. ते आजचे गांधीनगर. काही पोलिश मात्र कोल्हापूरच्या मातीतच राहिले, त्यांच्या कबरी तिथे आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे लहानपण काढलेले काही वृद्ध वळिवड्याला पुन्हा येऊन गेले.

आपल्या नेरूळमध्ये मूळचे आगरी-कोळी सोडले तर कोण इथला? सिडकोच्या इमारतींत कोणी वसईहून आले, कोणी अहमदनगर-श्रीरामपूरकडून, कोणी गोवा-मंगळूर-केरळहून. तरीही वीस वर्षांपूर्वी आलेला कालच्या भाडेकरूला 'बाहेरचा' म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब चार महिने शेवटच्या बाकावर बसत होते. त्यांच्या घरी आजारपण होते. कोणी विचारपूस केली नाही. आम्ही वेदीवरून दर रविवारी त्यांना पाहत होतो, आम्हीही नाही केली. आता ते कुटुंब सोडून गेले आहे. कुठे, ते ठाऊक नाही.

या रविवारी मिस्सेनंतर आम्ही मागच्या दाराशी उभे राहणार आहोत. शेवटच्या बाकावरच्यांना आधी भेटू. विभागप्रमुखांनीही तिथेच यावे, चहा तिथेच ठेवला आहे.

आपले धर्मगुरू