शंभर वॅटची साक्ष

जनावरांच्या बाजारात दलालांनी उपरण्याखाली एकमेकांची बोटे चाचपून भाव ठरवावा, आणि ज्याचा बैल त्या शेतकऱ्याने मात्र त्यांच्या चेहऱ्यांवरून अदमास बांधीत उभे राहावे, ही रीत कोरेगाव-पुसेगावाकडच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. शेकडोंच्या गर्दीत झालेला तो सौदा वस्तुतः एकांतातलाच असतो.

याच्या उलट व्यवहार अमेरिकेतल्या लहान गावांची नभोवाणी केंद्रे कैक वर्षे चालवीत आली आहेत. श्रोता केंद्राला दूरध्वनी करतो आणि आपल्याजवळची जुनी शेगडी किंवा ट्रॅक्टरचे चाक किती किमतीला द्यावयाचे आहे, हे साऱ्या पंचक्रोशीला ऐकवितो. वरवर पाहता ही करमणूक वाटेल; परंतु भाव चारचौघांत उच्चारला गेला की दलालीचा निम्मा आधार तेथेच निखळतो.

आपल्याकडे याला कायद्याची आडकाठी नाही. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचा परवाना खुला केला आणि स्थानिक व्यवसाय, सेवा व रोजगार यांच्या जाहिरातींना तासाला पाच मिनिटे दिली. २०२४ मध्ये ही मर्यादा बारा मिनिटांवर गेली. सातारा जिल्ह्यातच, माण तालुक्यातील म्हसवडला, २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी बोलते आहे. अशा केंद्राच्या प्रक्षेपकास साधारणतः शंभर वॅटची मर्यादा असते. त्यामुळे म्हसवडचा आवाज कोरेगावापर्यंत पोचत नाही; मालकाने आपला भाव स्वतः सांगण्याचा असा कार्यक्रम येथे हवा असेल, तर केंद्रही येथलेच हवे.

ही मर्यादा म्हणजे उणीव, असे सहसा मानले जाते. मला ती या योजनेची खरी ताकद वाटते. मराठेशाहीत वतनाचा वा हद्दीचा तंटा उभा राहिला की गोत जमवून, जाणत्यांच्या साक्षी घेऊन महजर लिहिला जाई. त्या कागदाचे वजन शिक्क्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, साक्षीदारांच्या ओळखीत असे. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत बोलणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत असेच घडते : ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या बांधाला लागून असतो, तर कोणी त्याच्या सोयरिकीत. भ्रमणध्वनीवर वस्तूचे छायाचित्र क्षणात हजार कोसांवर जाते हे खरे; पण तेथे वस्तू दिसते, माणसाचा ठावठिकाणा मात्र लागत नाही.

गोतसभेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. तेथे प्रत्येकाची जागा जन्माने ठरलेली असे, आणि बलुतेदाराला मिळणारे बलुते त्याने सांगितलेल्या भावाने नव्हे, तर परंपरेने पदरात पडे. नभोवाणीवरील आवाजाला बसण्याची जागा नसते. दोन शेळ्या विकणारी विधवा आणि बागाईतदार यांना मिनिटे सारखीच मिळतात. अर्थात ती तशी मिळावीत, यासाठी केंद्रचालकाने आपल्या दप्तरी दोन नियम कायमचे नोंदवावेत : बोलणारा मालक स्वतः असावा, आणि किंमत उघड सांगितली जावी. हे नियम ढिले पडले, की उपरणे पुन्हा पसरलेच म्हणून समजावे.

श्रोत्याला बोलते करण्याचा प्रयोग या मुलखाला अगदीच परका नाही. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालविली. तत्कालीन उत्तर सातारा त्यांत होता. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे धाडीत. तेव्हा शेतकरी प्रश्न विचारणारा होता. या कार्यक्रमात तो स्वतःच्या मालाचा भाव सांगणारा होईल, आणि हा फरक लहान नव्हे.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आल्याचे पीकही येथले नावाजलेले. त्यांची मोठी उलाढाल पेढ्यांवर होईल, ती नभोवाणीने आपल्या अंगावर घेऊ नये. तिचे क्षेत्र उरलेसुरले बेणे, पाणी उपसण्याचे जुने इंजिन, पैऱ्यासाठी हवा असलेला एक बैल, एवढेच असावे. आणि तो बैल मारका असेल, तर मालकाला ते कोणी विचारण्यापूर्वीच सांगावे लागेल. कारण ज्याला त्याने मागच्या बेंदराला ढुशी दिली, तोही त्या वेळी रेडिओ लावून बसलेला असेल.