पेटी उचलणारे हात

सैन्य म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला सीमा आठवते. आमच्या वर्धा जिल्ह्याला आठवतं पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार. इथल्या कामात लढाई नाही, पण इथून पेटी वेळेवर निघाली नाही तर तिकडची तोफ गप्प बसते. पेटीवरचा लॉट क्रमांक वाचायचा, तारीख ताडून पाहायची, शेडमधलं तापमान नोंदवायचं, आत शिरताना खिशातली काडेपेटी बाहेर ठेवायची. हे सगळं चोख झालं की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल कुणी पदक देत नाही.

31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथे घडलं. सुरुंगांच्या साठ्याला आग लागली, शेजारच्या आगरगाव-नागझरीची माणसं मुलंबाळं घेऊन घराबाहेर पडली. 19 जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, पण बहुतेक भांडाराच्याच अग्निशमन दलाचे. सुरुंगांतून टीएनटी पाझरत होतं, हे पुढे चौकशीत आलं. म्हणजे दोष होता मालात, आणि आग विझवायला गेली माणसं.

नोव्हेंबर 2018 मधला स्फोट मला जास्त अस्वस्थ करतो. भांडाराच्या सोनेगावजवळच्या मैदानावर निकामी करायचा दारूगोळा गाडीतून उतरवला जात होता. सहा जण दगावले, त्यांत बहुतेक ठेकेदाराकडचे मजूर. आसपासच्या खेड्यांतली, शेतात काम नसलं की रोजाने जाणारी माणसं. ती ना सैनिक, ना सरकारी नोकर. देशाच्या संरक्षणाच्या साखळीतली सगळ्यात धोक्याची कडी त्यांच्या हाती होती, आणि मोबदला होता रोजंदारीचा.

इथे नालवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. आज वर्धा शहराला चिकटलेल्या या गावात 1930 च्या दशकात विनोबा राहत. फक्त सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी इथे स्वतःच्या पोटावर करून पाहिलं. त्यांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी इथल्याच चर्मालयात मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं, गावाने वेशीबाहेर ढकललेलं काम हाती घेतलं. 1940 मध्ये महायुद्धाला मदत करू नका म्हणत तुरुंगात गेलेल्या विनोबांना दारूगोळ्याच्या चर्चेत ओढणं काहींना खटकेल. खटकू दे. सैन्य हवं की नको, यावर मतं वेगळी असू शकतात. पण सैन्य ठेवायचं ठरवलं, तर त्याचं ओझं वाहणाऱ्याच्या मजुरीचं मोल काय, हा नालवाडीचा प्रश्न टळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचं काम ठेक्यावर देऊच नये. द्यायचंच असेल, तर पेटीत काय आहे, ती किती जुनी आहे, ती कशी धरायची, हे मजुराला त्याच्या मराठीत आधी शिकवावं. आणि तो दगावलाच, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी ती भांडाराच्या कायम कर्मचाऱ्याइतकीच.