सर कुठले?

निगडीच्या यमुनानगरात आमच्या शेजारी राहणारे एक काका चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. मागच्या जुलैत त्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरत होती, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर तीन कॉलेजांच्या प्राध्यापकांच्या याद्या छापून ठेवलेल्या, कोण कुठे शिकलं त्यासकट. काकांनी पेनाने रेघा मारल्या होत्या. आयआयटीला दोन, सीओईपीला एक. लातूर, नांदेड, शिरपूर लिहिलेल्या नावांखाली कोरं. "जिथे रेघा जास्त, ते कॉलेज पहिल्या नंबरावर टाकू," ते म्हणाले.

त्यांची धडपड मला कळते. महापालिकेच्या मोरवाडीच्या आयटीआयमधून फिटर होऊन ते इथवर आले. घरात इंजिनिअर होणारी ही पहिलीच. चार वर्षांची फी भरायची आणि निवड चुकली तर माघारी फिरणं सोपं नाही. अशा वेळी माणूस ओळखीचं नाव शोधतो. नावाला अर्थही असतो. ज्याने उत्तम प्रयोगशाळा पाहिली, कडक गुरूच्या हाताखाली काम केलं, तो वर्गात येताना ते सोबत आणू शकतो.

जुनं उदाहरण घ्या. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला परतले. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला तेव्हा महिना ७५ रुपये मिळत. १९०२ साली ते प्राचार्य झाले. केंब्रिजचं वलय कॉलेजला लाभलंच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं परत येणं आणि वर्षानुवर्षं तिथेच शिकवत राहणं. ते स्वतः फर्ग्युसनचे विद्यार्थी होते तेव्हा तिथे गणित शिकवत होते धोंडो केशव कर्वे, मुंबईच्या एल्फिन्स्टनचे पदवीधर. आणखी मागे गेलं तर केरुनाना छत्रे. डेक्कन कॉलेजात टिळकांना त्यांनी गणित शिकवलं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं तेव्हा केरुनानांनी तिशी ओलांडली होती. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हतीच. काकांच्या यादीत केरुनाना असते तर त्यांच्या नावाखालीही कोरंच राहिलं असतं.

मी काकांना विचारलं, "तुमच्याकडे व्हेंडर मोठ्या नावाचा असला की माल तसाच घेता?"

"छे! लॉट आला की सॅम्पल काढून गेज लावतो. मोजल्याशिवाय पुढे सोडत नाही." मग स्वतःच म्हणाले, "काहींचा माल थेट लाइनवर जातो, पण ती सवलत कमवावी लागते. कित्येक लॉट चोख आले की मिळते. मोठी तक्रार आली की जाते." बोलता बोलता ते थांबले आणि हातातल्या यादीकडे बघत राहिले.

मला यात एक गोष्ट फार टोचते. उद्या कंपन्यांनी कॉलेजचं नाव बघून याच मुलीचा अर्ज बाजूला ठेवला, तर तिचा बाप संतापेल, आणि त्याचा संताप रास्त असेल. मग तीच फूटपट्टी नांदेडहून शिकून आलेल्या शिक्षकाला आपण कोणत्या तोंडाने लावतो? तोही कदाचित त्याच्या घरातला पहिलाच इंजिनिअर असेल. अठराव्या वर्षी त्याला कुठे प्रवेश मिळाला ते त्या वर्षीच्या मार्कांवर, घरच्या ऐपतीवर, जवळपास कोणतं कॉलेज होतं यावर ठरलं. त्यानंतर पंधरा वर्षं तो वर्गात काय करत आला, हे यादीच्या कुठल्याच रकान्यात नाही. आणि ज्या संस्था माहितीपत्रकात दोन बडी नावं पुढे करून पहिल्या वर्षाचे तास मात्र दरसाल बदलत्या माणसांवर सोपवतात, त्या पालकांना फसवतात आणि त्या शिक्षकांनाही.

शनिवारी आम्ही तिघं आकुर्डीला गेलो, यादीतल्या एका कॉलेजच्या गेटसमोर. चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं उभी होती. मुलीने धीर करून विचारलं, "तुमचं जर्नल कोण तपासतं?" एकाने बॅगेतून काढून दाखवलं. जर्नलात साधारणपणे कोपऱ्यात तारीख आणि सही, एवढंच असतं. इथे पोलादी सळईच्या चाचणीखाली लाल शाईत लिहिलं होतं: "क्षेत्रफळात त्रिज्येऐवजी व्यास घेतलास, म्हणून ताण पाव पट आला. परत काढ." त्याखाली मुलाने पुन्हा केलेलं गणित आणि पुढच्या आठवड्याच्या तारखेची सही. काकांनी चष्मा वर सरकवून आकडे तपासले, ओठ हलवत, कारखान्यात करतात तसे. "बरोबर आहे," म्हणाले.

मुलीने सरांचं नाव विचारलं आणि यादीत शोधलं. नावाखाली कोरं होतं. तिने काकांच्या खिशातला पेन घेतला.

"हे सर पुढच्या वर्षी असतील ना?" काकांनी विचारलं.

मुलाने जर्नल बॅगेत ठेवलं. "ॲडहॉकवर आहेत, काका. दरवर्षी नवी ऑर्डर निघते. यंदाची अजून आलेली नाही."