कथेतील नायक व आपली तरुण मुले

कथेचे सामर्थ्य पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास त्याचे पातक दाखविले ते दूषण देऊन नव्हे, तर एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून. गोष्टीतील धनवानावर राजाचा क्रोध भडकला, आणि मग त्यास कळले की तो धनवान आपणच. आपल्या प्रभूनेही लोकांस दाखल्यांनी शिकविले. म्हणून कल्पित कथा म्हणजे निव्वळ असत्य, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

परंतु जे सामर्थ्य उठविते तेच पाडूही शकते. इ. स. १७७४ साली जर्मन ग्रंथकार ग्योटे ह्याने वेर्थर नावाच्या तरुणाची कादंबरी लिहिली. प्रेमात निराश झालेला हा नायक अखेरीस आत्मघात करितो. युरोपातील तरुण त्याच्यासारखा निळा अंगरखा व पिवळी बंडी घालू लागले; त्याच्या अंताचेही ते अनुकरण करितील, ह्या भीतीने १७७५ साली लाइप्झिग शहरात त्या पुस्तकावर बंदी आली.

आपल्या काळातील उदाहरण घ्या. इंग्रज लेखिका रोलिंगबाई ह्यांनी १९९७ पासून २००७ पर्यंत हॅरी पॉटर नावाच्या मुलाच्या सात कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यांत जादूटोणा आहे म्हणून २००१ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको संस्थानात एका मंडळीने त्यांची होळी केली. उलटपक्षी, त्याच पुस्तकांच्या अमेरिकन चाहत्यांनी २००५ साली एक संघ स्थापिला. आणि २०१० साली हैती देशात भूकंप झाला, तेव्हा त्या संघाने १,२०,००० डॉलरांहून अधिक वर्गणी जमविली. पुस्तके तीच, फळे मात्र वाचणाऱ्यांच्या अंतःकरणाप्रमाणे निराळी.

आपल्या मराठी मंडळीचाही ह्या कामी वाटा आहे. बाबा पदमनजी ह्यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, ती विधवांची दुर्दशा वाचकांच्या मनास भिडावी म्हणून.

तर मग परीक्षा कशी करावी? झाडाची करितो तशी, फळावरून. गोष्ट संपल्यावर मुलाच्या मनात दुर्बळांविषयी कळवळा वाढला काय? की एका नायकाचा पक्ष धरून तो दुसऱ्याच्या चाहत्यांस शिव्या देऊ लागला? करिंथ येथील मंडळीत कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसाचे म्हणवीत. त्या तंट्याबद्दल प्रेषिताने त्यांस काय बोध केला तो आपल्या स्मरणात आहे. मोबाइलवर आज तोच तंटा चालतो, आणि आपली लेकरे त्यात असतात.

म्हणून आईबापांस व उपदेशकांस आमची विनंती ही की, पुस्तक किंवा मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी मुलाजवळ बसा. ह्या नायकात तुला काय आवडते, असे प्रीतीने विचारा, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐका. एखादे लेकरू मरणाच्याच गोष्टीत रमू लागले, तर त्यास रागावू नका, एकटेही सोडू नका. त्याच्या मनातील दुःख विचारा, आणि वैद्यास दाखविण्यात संकोच धरू नका. ज्या घरात मुलाचे बोलणे ऐकले जाते, तेथे त्यास सोबतीसाठी कल्पित नायकाकडे धावावे लागत नाही. आणि जो मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढरासाठी रानात गेला, त्याची गोष्ट त्या मुलास तुमच्या मुखातून व तुमच्या वागणुकीतून कळो.