माफी कोणाकडे मागायची?

माणूस चुकतो, हे सर्वच धर्मांनी गृहीत धरले आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. चूक झाल्यावर माफी कोणाकडे मागायची? अल्लाहकडे, की ज्याचे नुकसान केले त्या माणसाकडे? यहुदी परंपरेने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. तो विचार आपणही समजून घ्यावा असा आहे.

यहुदी म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर गाझा उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण एखाद्या राज्यसत्तेची कृत्ये वेगळी आणि एका धर्मपरंपरेचा विचार वेगळा. उलट, त्या विचाराची कसोटी त्या राज्यसत्तेलाही लावता येते. शिवाय मराठी मुसलमानांना यहुदी परके नाहीत. कोकणातले बेने इस्रायल मराठीच बोलत. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत उभारलेले मंदिर ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले गेले. त्याचे हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. त्यातला ‘रहम’ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

इतर शब्दांचेही असेच नाते आहे. आपण ज्याला खता म्हणतो त्याला हिब्रूत ‘हेत’ म्हणतात. कफ्फाऱ्याला तिकडे ‘कप्पारा’ आहे आणि तौबेला ‘तशुवा’. तशुवा म्हणजे परत फिरणे. तौबेचा मूळ अर्थही तोच. ‘हेत’ या शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. पाप हा जन्माचा डाग नसून चुकलेला नेम असेल, तर माणसाला पुन्हा नेम धरता येतो. निराशेला तिथे जागा राहत नाही.

बेने इस्रायल उपवासाला रोजा म्हणत, आणि एलूल महिन्यातल्या उपवासांना तर चक्क रमजान. त्यानंतर येणाऱ्या तिश्री महिन्याच्या 1 तारखेला नव्याचा सण आणि 10 तारखेला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणात त्याचे नाव होते दारफाळणीचा सण, दारे लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे घालून, उपाशी राहून, दारे बंद करून दिवसभर घरात बसायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारे उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांना भेटायचे.

पण दार लावून घेतले म्हणजे सगळा हिशेब मिटला, असे यहुदी धर्मशास्त्र मानत नाही. सुमारे 1,800 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाने स्पष्ट नियम घातला आहे. माणूस आणि ईश्वर यांच्यातली पापे योम किप्पूरने फिटतात. माणसाने माणसाविरुद्ध केलेली पापे मात्र त्या माणसाचे समाधान केल्याशिवाय फिटत नाहीत. बाराव्या शतकात मूसा बिन मैमून यांनी हा नियम तपशिलाने मांडला. त्यांचा जन्म कुर्तुब्याचा आणि मृत्यू 1204 साली मिसरमध्ये. ते सांगतात, आधी नुकसान भरून द्या, मग माफी मागा. समोरचा ऐकत नसेल तर त्याच्या ओळखीची माणसे घेऊन तीनदा जा. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी कबुली द्या आणि देणे त्याच्या वारसांना चुकते करा. खऱ्या पश्चात्तापाची त्यांची खूणही सोपी आहे. तीच संधी, तेच बळ पुन्हा मिळाले, आणि तरीही माणूस त्या पापापासून दूर राहिला, की पश्चात्ताप पूर्ण झाला.

हे सारे आपल्याला ओळखीचे वाटेल. आपल्याकडे यालाच हुकूकुल इबाद म्हणतात. 1111 साली निधन पावलेल्या इमाम गझाली यांनीही तौबेच्या विवेचनात लोकांचे हक्क परत करण्यावर भर दिला आहे. नियम आपल्याला ठाऊक आहे. प्रश्न पाळण्याचा आहे.

नागपुरात मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागेकडे कोणी हजला निघाला की तो घरोघरी जातो आणि म्हणतो, कहासुना माफ करना. रिवाज चांगला आहे. पण या शब्दांत बोलण्या-चालण्याची माफी असते. बापाच्या घरातला जो हिस्सा बहिणीला दिलाच नाही, तो या माफीत कसा मावणार? सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. आपण मात्र तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. भीतीपोटी केलेली सही ही माफी नव्हे.

‘ती काही मागणार नाही,’ असे आई किंवा मोठा भाऊ तिच्या वतीने सांगून टाकतो. पण दुसऱ्याच्या वतीने माफ करता येते का? दुसऱ्या महायुद्धात छळछावणीतला एक यहुदी कैदी सायमन वायझेंथल याच्याकडे मरणपंथाला लागलेल्या एका नाझी सैनिकाने माफी मागितली. त्याच्या हातून यहुदी कुटुंबे मारली गेली होती. वायझेंथल काहीच न बोलता निघून गेला. जे मेले त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्याने पुढे जगापुढे ठेवला. गुन्ह्यांची तुलना अर्थातच होत नाही, पण तत्त्व एकच आहे. ज्याचा हक्क गेला, माफीही त्याचीच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खऱ्या दिवाळखोराची ओळख सांगितली आहे. तो नमाज, रोजे, जकात घेऊन कयामतच्या दिवशी येतो. पण त्याने कोणाचा माल खाल्लेला असतो, कोणाला शिवी दिलेली असते. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातात आणि हा रिकामा राहतो.

म्हणून हजचा अर्ज भरण्याआधी एक कागद घ्यावा. बहिणीचा वाटा किती होतो ते त्यावर मांडावे, रक्कम किंवा जागा तिच्या नावे करावी आणि मग तिचे दार ठोठवावे. बहीण हयात नसेल, तर तिची मुले आहेत.